पाटी राहिली, नोकरी गेली

दादर टी.टी.ला उभे राहा. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघाली नि इथं येऊन कायमची थांबली. रूळ गेले, नाव राहिलं. ह्या शहराची ही जुनी खोड आहे, दोस्तांनो. माल उचलायचा, पाटी ठेवायची.

आता रस्त्याची पाटी वाचा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. हाकेच्या अंतरावर राजगृह. चौकावरून उड्डाणपूल गेला. मोटारवाला वरून सुटतो, बसवाला खाली धूर खात उभा. मे २०२५ मध्ये त्याचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं.

सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी डिझेल डबलडेकर बंद झाली. लोकांनी गाडीला हार घातले, फोटो काढले, गळे काढले. काढा. पण गाडीबरोबर काय गेलं, ते कुणी बोललं नाही.

७ ऑगस्ट १९४७ पासून बेस्ट महापालिकेची. म्हणून तिच्या भरतीला राखीव जागा लागू. झोपडपट्टीतला, चाळीतला आपला पोरगा खाकी घालून, बिल्ला लावून घरी आला की अख्खी वस्ती बघायची. पगार, फंड, पोरांची शाळा. जुनी बेस्ट काही स्वर्ग नव्हती. पण तिथं हक्क सांगायला कागद होता.

आज चौकात चकचकीत एसी गाडी येते. अंगावर बेस्टचं नाव. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. बेस्ट किलोमीटरमागे पैसे मोजते. ह्याला म्हणतात वेट लीज. कंत्राटदाराला आरक्षण लागू नाही. संविधानाला हात न लावता राखीव जागा गिळायची ही तरकीब. आपण मात्र आरक्षण धोक्यात आल्याची बातमी दिल्लीतून यायची वाट बघत बसलोय. अरे, ते रोज आपल्या समोरून, बाबासाहेबांच्याच रस्त्यावरून, हॉर्न वाजवत चाललंय!

आम्ही एसीच्या विरोधात नाही. घामाघूम होऊन लोंबकळण्यात कसली क्रांती? गाडी नवीन पाहिजेच. पण ती महापालिकेच्या मालकीची पाहिजे. कंत्राटी कामगार बेस्टच्या पटावर पाहिजे. भरती बिंदुनामावलीनं पाहिजे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी जादा गाड्या सुटतात. त्यात बसताना ड्रायव्हरला नुसतं जय भीम घालू नका. भाऊ, तुझा पगार कोण देतो, ते विचारा. आणि उत्तर घेऊन वस्तीत जा. मोर्चा तिथून निघेल.