स्टॉल कुठे घ्यायचा: सीपीएड मैदानावर की चेन्नईत?

बेळगावात सीपीएड मैदानावर किंवा मराठा मंदिरात विक्री प्रदर्शन लागले की आपल्यातले छोटे उद्योजक आधी तिथल्या स्टॉलची चौकशी करतात. मसाले, लोणची, साड्या असतील तर ते योग्यच. माल समोर, पैसे रोख. पण उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीवाल्याला त्या गर्दीचा काय उपयोग? त्याचे गिऱ्हाईक बंगळुरूच्या 'इमटेक्स'सारख्या व्यापारी मेळ्यात भेटते, आणि तिथेही आधी नमुना, मग तपासणी, मग ऑर्डर. हे त्यांना सांगायला नको.

घोळ होतो तो चपलेच्या बाबतीत. कोल्हापुरी चप्पल प्रदर्शनात हातोहात खपते, म्हणून कारागीर तिथेच थांबतो. 2019 चे भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरलाही आहे. निपाणी-अथणीचा कारागीरही त्या नावाचा तितकाच हक्कदार. जून 2025 मध्ये 'प्राडा'ने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, ओरड झाली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे 'लिडकॉम' व कर्नाटकचे 'लिडकर' यांच्याशी करार झाला. (दोन्ही राज्ये एकाच कागदावर सही करतात, याचे सीमाभागात नवल वाटणारच!)

मात्र घाऊक खरेदीदार 'केवढ्याला' एवढेच विचारून थांबत नाही. पाचशे जोड एकसारख्या मापाचे, ठरल्या तारखेला मिळतील का, हे विचारतो. घरातली तीन माणसे हाताने चप्पल शिवतात, पावसाळ्यात कातडे वाळत नाही. एकट्याने हो म्हणणे धोक्याचे. म्हणून आमचे मत असे: एकट्याने जायचे तर विक्री प्रदर्शनात. चेन्नईच्या आंतरराष्ट्रीय लेदर फेअरला जायचे तर आठ-दहा कुटुंबांनी मिळून, मापे आणि भाव आधी ठरवून. नाहीतर तिथे दलाल जाईल आणि आपण त्याला माल पुरवत राहू.

खर्चाची भीती थोडी कमी करता येते. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग खात्याच्या विपणन साहाय्य योजनेत स्टॉलभाड्याचा परतावा ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना सवलत जास्त. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि पैसे आधी आपल्या खिशातून जातात. ही उचल गटाने मिळून करावी. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवण्याचे काम मात्र मेळ्याची वाट न पाहता आत्ताच उरकावे.