नकार लेखी द्या

‘पहिलं सिझर होतं ना? मग हेही सिझरच.’ नाशिकच्या प्रसूतिगृहांत दुसऱ्या खेपेच्या बाईची फाइल अनेकदा याच वाक्यानं उघडते आणि तिथेच मिटते. पुढे राहते ती फक्त तारीख. ती कधी डॉक्टरांच्या सोयीनं ठरते, कधी घरच्यांच्या पंचांगानं. २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीच बाळ व्हावं म्हणून डॉक्टरांकडे किती विनवण्या झाल्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. मुहूर्त मागणाऱ्यांची सोय बघितली जाते. ‘कळा येईपर्यंत थांबू द्या, नॉर्मलचा प्रयत्न करू द्या’ म्हणणारी मात्र हट्टी ठरते.

सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण होऊ देणार नाही, अशी पाटी आपल्याकडे कुठल्याही दवाखान्यावर नाही. अमेरिकेत तसे लेखी नियम होते. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्ये म्हटलं, की असा प्रयत्न करायचा तर तातडीचं सिझर करू शकणारा डॉक्टर जागेवर हजर हवा. शेकडो रुग्णालयांनी यातून सोपा अर्थ काढला आणि असे प्रयत्न बंदच केले. १९९६ मध्ये आधी सिझर झालेल्या शंभर बायकांमागे २८ जणी नॉर्मल बाळंत होत होत्या. दहा वर्षांत हा आकडा दहाच्या खाली गेला. शेवटी २०१० मध्ये त्याच संघटनेनं भूमिका सौम्य केली. रुग्णालयाचं धोरण पुढे करून बाईवर तिच्या मनाविरुद्ध सिझर लादता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. तिथे नियम लेखी होता, म्हणून त्याच्याशी भांडता आलं. आपल्याकडे नियम हवेत असतो, त्याच्याशी भांडायचं कसं?

‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे वचन न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांच्या नावावर आहे. साल १९१६. त्या काळी गर्भपिशवीवरचा छेद वरच्या जाड भागात उभा घ्यायचे. तो व्रण पुढच्या कळांत उसवण्याची भीती खरी होती. क्रेगिन यांना सांगायचं होतं ते वेगळंच: पहिलं सिझर उगाच करू नका, कारण त्याचं ओझं पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडतं. पुढे छेद खालच्या पातळ भागात आडवा घेण्याची पद्धत रूढ झाली, व्रण भक्कम होऊ लागला, आणि वचनातला इशारा गळून फक्त फर्मान उरलं.

आता धोका किती, ते बघू. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते, की आधी एकच सिझर, छेद खालचा आडवा, आणि यावेळी दुसरी गुंतागुंत नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर ८५ ते ९० जणी. पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. हा आकडा लहान आहे, पण ज्या घरावर तो येतो त्या घरासाठी लहान नाही. पिशवी फाटली तर बाळासाठी मोजकीच मिनिटं हातात असतात, आणि कधी आईची पिशवीही काढावी लागते. कळा कृत्रिमरीत्या आणल्या तर हा धोका दुप्पट-तिप्पट होतो.

आपल्याकडे सांगितलं जातं ते एवढंच. तराजूचं दुसरं पारडं झाकलेलं राहतं. प्रत्येक सिझर पुढच्या खेपेची वाट अवघड करतं. वार पिशवीच्या तोंडाशी असेल आणि आधी एक सिझर झालेलं असेल, तर ती वार पिशवीत रुतून बसण्याची शक्यता शंभरात अकराच्या आसपास असते, आधीची दोन सिझर असतील तर चाळीसच्या आसपास, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. वार अशी रुतली की रक्तस्राव आवरता आवरत नाही. ‘दोघांवर थांबणार आहोत’ म्हणणाऱ्या जोडप्याला हे कदाचित गौण वाटेल, आणि त्यांच्यापुरतं ते ठीकही आहे. पण सांगायला हवं. ‘मुलगा होईपर्यंत’ असा बेत ज्या घरांत न बोलता ठरलेला असतो, तिथे तर आधी सांगायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या शंभर बाळंतपणांपैकी २० सिझर होती, २०१९-२१ मध्ये २५. त्याच २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हा आकडा ४७ च्या वर होता, सरकारी रुग्णालयांत १४. आजचं पहिलं सिझर हे उद्याचं दुसरं असेल, तर हा आलेख खाली यायचा कसा?

आता डॉक्टरांची बाजू. ती मला खोटी वाटत नाही. नाशिकचं खासगी प्रसूतिगृह म्हणजे बहुधा दहा-पंधरा खाटा, खाली ओपीडी, वर डॉक्टरांचं घर. स्त्रीरोगतज्ज्ञ एकच, फार तर नवरा-बायको दोघं. भूलतज्ज्ञ पदरी नसतो, फोन केला की येतो. तो नाशिकरोडला दुसऱ्या केसमध्ये असेल, तर द्वारका चौकाची कोंडी पार करून गंगापूर रोडला पोचेपर्यंत किती वेळ जाईल, हे नाशिककराला सांगायला नको. रक्तपेढीतून रक्ताची पिशवी आणायला नातेवाइकाला दुचाकीवर पिटाळायचं. अशा जागी रात्री दोन वाजता पिशवीचा व्रण उसवला तर काय, ही भीती बाळगणारा डॉक्टर भित्रा नव्हे, शहाणा आहे.

दुसरी भीती जमावाची आणि पोलिसांची. राजस्थानातल्या लालसोटमध्ये मार्च २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं एक बाई दगावली. डॉ. अर्चना शर्मा यांच्यावर थेट खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर सुरक्षित वाट सोडून दुसरी धरायला कोणता स्त्रीरोगतज्ज्ञ तयार होईल? सिझर करून काही बिघडलं तर ‘डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले’, नॉर्मलची वाट बघून बिघडलं तर ‘वेळेवर सिझर का केलं नाही’. हा न्याय आपणच, म्हणजे नातेवाइकांनी, रुजवला आहे.

आणि पैसा. यावर बोलताना डॉक्टर आणि पेशंट दोघंही घुटमळतात. ठरलेलं सिझर तासाभरात उरकतं आणि पॅकेज मोठं. नॉर्मलच्या प्रयत्नात डॉक्टरनं दहा-बारा तास हाकेच्या अंतरावर राहायचं, सिस्टरनं बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवायची, ऑपरेशन थिएटर तयार ठेवायचं, आणि बिल मात्र कमी. कामाचे तास जास्त आणि मोबदला कमी असेल तर ते काम कोण करेल? माझं मत सरळ आहे: आधी सिझर झालेल्या बाईच्या बाळंतपणाचं पॅकेज, शेवट कसाही होवो, एकच असावं. जागरणाचे पैसे द्यायला आपण तयार असलं पाहिजे.

हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट खटकते. ‘आमच्याकडे रात्रीची भूल आणि रक्त यांची सोय नाही, म्हणून आम्ही ट्रायल, म्हणजे नॉर्मलचा प्रयत्न, देत नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे. ‘तुमचं नॉर्मल होणारच नाही, बाळाला धोका आहे’ हे त्याच परिस्थितीचं दुसरं उत्तर आहे, आणि ते अप्रामाणिक आहे. पहिल्यात उणीव इमारतीची असते, दुसऱ्यात ती बाईच्या शरीरावर ढकलली जाते. पहिलं उत्तर मिळालं तर ती दुसरीकडे जाऊ शकते. दुसरं मिळालं की ती गप्प बसते, कारण बाळाचं नाव काढल्यावर कुठली आई वाद घालणार? बरं, हे उत्तरही पुष्कळदा नवव्या महिन्यात मिळतं. तोवर ‘बघू, पुढे ठरवू’ असंच चालू असतं. छत्तीसाव्या आठवड्यात नवा दवाखाना शोधायला निघालेल्या बाईला कोणी हसून दारात घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच सांगितलं आहे, की उपचाराचे पर्याय कोणते, त्यांचे धोके काय, उपचार न घेतल्यास काय होईल, हे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. ऑपरेशनच्या सकाळी कागदांच्या गठ्ठ्यावर फुल्या मारून ‘इथे सही करा’ म्हटलं की संमती होत नाही.

मग सोय आहे कुठे? रात्रभर निवासी डॉक्टर, चालू थिएटर आणि हाताशी रक्तपेढी ही व्यवस्था मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयात असायला हवी. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय, घोटीजवळचं धामणगावचं महाविद्यालय ही नावं आपल्याला माहीत आहेत. पण खासगीत जायची ऐपत असलेल्या घरात ‘सिव्हिल’ हा शब्द काढला की सासूबाईंचा चेहरा उतरतो. तिथली गर्दी, एका खाटेची ओढाताण, बोलण्यातला खरखरीतपणा, हे आक्षेप खोटे नाहीत. तरी निदान चौकशी करायला काय हरकत आहे? आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरात कोणतं रुग्णालय कोणत्या अटींवर ट्रायल देतं याची साधी यादी लोकांना मिळू नये, ही नामुष्कीच आहे.

पेठ-सुरगाण्याच्या बाईचा प्रश्न याच्या उलटा आहे. तिथे नकार द्यायलाही डॉक्टर जवळ नसतो. पहिलं सिझर नाशिकला झालेलं, दुसऱ्या खेपेला कळा पाड्यावर सुरू होतात, आणि नाशिकला पोचायला सावळ घाट ओलांडायचा असतो. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आले की बाईनं तिथे येऊन राहावं, अशी चांगली कल्पना. पण आधी सिझर झालेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारातलं माहेरघर पुरत नाही. तिचं माहेरघर थिएटर आणि भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाच्या आवारात हवं. याला नवी योजना लागत नाही, जागा बदलावी लागते.

एक धोक्याची सूचना इथेच. दवाखाने नाही म्हणतात म्हणून काही जणी घरीच कळा काढतात आणि अगदी शेवटच्या टप्प्यात दवाखाना गाठतात, म्हणजे सिझरला वेळच उरत नाही. असे सल्ले हल्ली सहज मिळतात. कृपा करून हे करू नका. वरचे ७२-७५ चे आकडे बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या रुग्णालयातले आहेत, घरातले नाहीत. तसंच छेद उभा असेल, पिशवी आधी फाटली असेल, वार तोंडाशी असेल, तर प्रयत्नाचा आग्रह धरू नका. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरी धोका वाढतो. आणि सगळं समजून घेऊन ज्या बाईला दुसरं सिझरच हवं आहे, तिलाही कोणी ‘सहनशक्ती नाही’ म्हणून टोमणे मारू नयेत.

मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांना सिझरचे आकडे जाहीर करायला लावा, अशी मागणी लाखो सह्यांनिशी लावून धरली. २०१७ मध्ये केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना ते आकडे लावायला सांगितलं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. शहरातल्या शुश्रूषागृहांची नोंदणी महापालिकेकडे असते. नूतनीकरणाच्या वेळी दोनच प्रश्न वाढवा: आधी एक सिझर झालेल्या किती बायका वर्षात आल्या, आणि त्यांपैकी किती नॉर्मल झाल्या. ‘आम्ही ट्रायल देत नाही’ हे उत्तरही चालेल. पण ते सनदेशेजारी लेखी लावा, आणि पहिल्याच तपासणीत बाईच्या हातात द्या, सोबत जिथे ट्रायल मिळते तिथली चिठ्ठीही.

आता काम वाचकांसाठी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे पहिली फाइल मालेगावला, धुळ्याला नाहीतर जळगावला, आणि दुसरी खेप नाशिकला. हातातल्या डिस्चार्ज कार्डावर सिझर झालं एवढंच लिहिलेलं. छेद उभा की आडवा, तो वाढला होता का, सिझर का करावं लागलं, हे ऑपरेशन नोटमध्ये असतं, आणि नोट नसेल तर ट्रायल द्यायला तयार असलेला डॉक्टरही हात आखडता घेतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण ते जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. तुमच्या पहिल्या बाळाचा तिसरा वाढदिवस जवळ आला असेल, तर दुसऱ्याचा विचार असो वा नसो, ती नोट या आठवड्यातच अर्ज देऊन मागून घ्या.