सूट पन्नास टक्के, पण कशावर?

डिसेंबर संपत आला की परभणीच्या बाजारपेठेत, आणि जिंतूर, सेलू, गंगाखेड यांसारख्या गावांतही, कापडाच्या व पादत्राणांच्या दुकानांवर मोठमोठे फलक झळकू लागतात. ‘हिवाळी सेल’, ‘पन्नास टक्क्यांपर्यंत सूट’, ‘दोन घ्या, एक मोफत’. मोबाइलच्या पडद्यावरही याच घोषणा असतात. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात, मुलांचे जुने बूट तोकडे झालेले असतात, आजोबांना स्वेटर हवा असतो. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला ही खरेदी काही लहान नसते. तरीही ती बहुधा फलकाकडे पाहून होते. माझे म्हणणे असे की, या खरेदीत घरातल्या शाळकरी मुलामुलींचे मत अवश्य घ्यावे. कारण शेकडेवारी आणि उष्णतेचे संक्रमण हे दोन्ही धडे घरात त्यांचेच ताजे असतात.

छेद कोणता?

विद्यार्थी मित्रहो, टक्का हे एक गुणोत्तर आहे आणि प्रत्येक गुणोत्तराला छेद असतो. आगगाडीचा वेग सांगताना तो कशाच्या सापेक्ष, हे जसे विचारावे लागते, तसेच सूट सांगितली की ती कोणत्या किमतीवर, हे विचारावे लागते. फलकावर टक्का ठळक असतो. छेद मात्र बारीक अक्षरांत असतो किंवा मुळीच नसतो.

हा छेद बहुधा छापील किंमत, म्हणजे कमाल किरकोळ किंमत असते. ती उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवतो. त्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढेच कायदा सांगतो. त्या किमतीला ती वस्तू पूर्वी कधी विकली गेली होती, असा त्याचा अर्थ होत नाही. समजा, १००० रुपयांना सहज विकता येईल अशा जाकिटावर १५०० रुपये छापले आणि ४० टक्के सूट दिली. ग्राहकाने मोजले ९०० रुपये. म्हणजे खरी सूट १० टक्केच झाली.

‘५० टक्के अधिक २० टक्के’ हा दुसरा प्रकार. पुष्कळ जण याची बेरीज ७० करतात. पण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर असते. हजाराचे पाचशे होतात आणि पाचशेचे चारशे. एकूण सूट ६० टक्के. ‘दोन घ्या, एक मोफत’ म्हणजे तिघांवर मिळून ३३ टक्क्यांच्या आसपास सूट. आणि गरज एकाच सदऱ्याची असेल, तर सूट नव्हेच, दुप्पट खर्च! ‘पर्यंत’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. दुकानातील एकाच वस्तूवर पन्नास टक्के आणि बाकी साऱ्यांवर दहा टक्के सूट असली, तरी ‘पन्नास टक्क्यांपर्यंत’ हे विधान खोटे ठरत नाही.

ऊब कोण देते?

किमतीचा हिशेब झाला. आता वस्तूकडे वळू. स्वेटर विकत घेताना आपण खरोखर काय विकत घेतो? ऊब, असे उत्तर येईल. पण स्वेटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती आपले शरीर निर्माण करते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट इतक्या दराने उष्णता बाहेर पडत असते. ती हळू बाहेर जावी, एवढेच काम कपड्याचे. हे काम धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा अधिक करते, कारण स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता तिच्या वीस पटींहून अधिक असते. म्हणून ओला स्वेटर जाड असूनही गार लागतो.

आपल्या आजीला हे तत्त्व सूत्राशिवाय ठाऊक होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचून शिवलेली गोधडी म्हणजे हवेचे थर कोंडून ठेवण्याची युक्तीच होय. गादीतला कापूस दबला की पिंजारी तो पिंजून देतो. तो कापूस वाढवत नाही. त्यात पुन्हा हवा भरतो. तेव्हा सेलमधला स्वेटर वजनाने जड आहे म्हणून उबदार आहे, असे समजू नये. मुठीत दाबून सोडून पाहावा. तो पुन्हा फुगून वर आला तर त्यात हवा धरण्याची शक्ती आहे. चप्पट राहिला तर अर्धी किंमतही जास्तच. वीण सैल असेल तर मात्र वाऱ्याने आतली हवा हलते आणि अभिसरणाने ऊब निघून जाते. सकाळी सायकलने शाळेत जाणाऱ्याने अशा स्वेटरवर वारा अडवणारा एखादा पातळ कपडा घालावा.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नोंदले जाणारे किमान तापमान थंडीत वृत्तपत्रांत येत असते. डिसेंबर २०१८ मध्ये ते ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले होते. पण आपल्याकडे पहाटे कुडकुडायला लावणारी थंडी दुपारी अंगातला स्वेटर काढायला लावते. अशा ठिकाणी बर्फाळ प्रदेशासाठी बनवलेले जाडजूड जाकीट निम्म्या किमतीत मिळाले, तरी ते वर्षातून किती तास अंगावर राहणार? त्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. त्यांच्यामध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो आणि ऊन चढले की एक काढून ठेवता येतो.

आणखी एक गोष्ट किमतीहून महत्त्वाची आहे. स्वस्त स्वेटर बहुधा अॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. ऊब देण्यात ते कमी नाहीत. परंतु लोकर सहज पेट घेत नाही व जळाली तरी तिची राख होते. अॅक्रिलिक मात्र पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. आपल्याकडे थंडीत घरोघरी शेकोटी पेटते आणि लहान मुले तिला अगदी खेटून बसतात. तेव्हा कपड्यावरची चिठ्ठी वाचा आणि कृत्रिम धाग्याचा स्वेटर घातलेल्या भावंडाला शेकोटीपासून दूर बसवा.

खोक्यातला बूट

पादत्राणांच्या बाबतीत ‘न वापरलेले म्हणजे नवे’ हा समज नेहमीच खरा नसतो. अनेक बुटांचे हलके, मऊ तळवे पॉलियुरेथेन या बहुवारिकाचे असतात. त्याच्या काही प्रकारांतील रेणूंच्या साखळ्या हवेतील बाष्पामुळे हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. बूट खोक्यात पडून असला तरी ती चालूच राहते. वरून चकचकीत दिसणाऱ्या बुटाचा तळवा काही वर्षांनी पहिल्याच पायपिटीत भुगा होऊन गळू शकतो. म्हणून मोठी सूट असेल तर खोक्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष आधी पाहावे. आवेष्टित वस्तूंसाठी २०११ साली केलेल्या नियमांनुसार ही माहिती छापणे बंधनकारक आहे.

सेलमध्ये बहुधा उरलेली मापे असतात, हेही ध्यानात ठेवावे. स्वस्त मिळतो म्हणून घट्ट बूट घेणे, किंवा ‘वाढत्या पायाला होईल’ म्हणून दोन मापे मोठा घेणे, या दोन्ही गोष्टींची किंमत शेवटी पायच मोजतात. सायंकाळी पाय किंचित सुजलेले असतात, म्हणून माप त्या वेळी घ्यावे. अंगठ्यापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहिली म्हणजे पुरे.

स्वस्त का मिळते?

याचा अर्थ प्रत्येक सेल फसवा असतो, असा मुळीच नाही. व्यापाऱ्यालाही घाई असते. मराठवाड्यातील शहरांत हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांचेच उदाहरण घ्या. ते पुष्कळसा माल पंजाबातील लुधियानाहून आणतात. संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की उरलेला माल सांभाळण्यापेक्षा कमी नफ्यात विकलेला बरा, हे साधे गणित आहे. दुकानदाराचेही तसेच. माल फडताळात पडला की त्यात गुंतलेला पैसाही पडून राहतो. असे कारण समजले तर सूट खरी मानायला हरकत नाही. वस्तू चांगली असेल तर जानेवारीअखेर पुढच्या हिवाळ्यासाठी मोठ्या माणसांचे स्वेटर घेणे शहाणपणाचेच आहे; मुलांचे मात्र नव्हे, कारण तोवर ती वाढलेली असतात!

‘आजचा शेवटचा दिवस’ ही घोषणा मात्र विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच असते. तिच्यावरचा उपाय जुना आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने अनेक कुटुंबांना एकत्र आणून त्यांच्या गरजांची आधी यादी आणि मग सामुदायिक खरेदी, ही पद्धत रुजवली. घरातही यादी आधी करावी आणि बाजारात नंतर जावे. पावती घ्यावी. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा याच तारखेला संमत झाला. आज त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे. या दिवशी भाषणांऐवजी प्रयोग करावा. स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. शिक्षकांनी स्वतः प्रत्येकात सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे समान पाणी ओतावे आणि पेल्यांवर पुठ्ठ्याची झाकणे ठेवावीत. एका पेल्याभोवती महाग स्वेटर गुंडाळा, दुसऱ्याभोवती स्वस्त स्वेटर, तिसऱ्याभोवती सुती कापडाचे दोन-तीन थर. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. मग पंखा लावून प्रयोग पुन्हा करा. कोणता पेला जास्त वेळ गरम राहिला आणि त्या कपड्याची किंमत काय, हे शेजारी शेजारी लिहा.

त्याबरोबर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत एकाच स्वेटरची व एकाच बुटाची किंमत दर आठवड्याला टिपून ठेवा. खरी सूट किती, हे तो तक्ताच सांगेल. ४०० रुपयांचा बूट सहा महिने टिकला आणि ९०० रुपयांचा दोन वर्षे, तर महिन्याला कोणता किती रुपयांना पडला, हेही त्यातच मांडा. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावा आणि एक प्रत घरी द्या. पुढच्या हिवाळ्यात यादी करताना ती आईवडिलांच्या उपयोगी पडेल.