म्हाताऱ्या मोतीची तहान

घरांतील मुक्या प्राण्यास म्हातारपण केव्हां आलें, हें आपणांस बहुधा उशिरां कळतें. त्याच्या व्याधीला आपण ‘खोड’ म्हणतों आणि मोकळे होतों.

आमचा मोती तेरा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यांत त्यानें लागोपाठ तीन दिवस देवघराच्या उंबऱ्याशीं लघवी केली. आमच्या वडील भगिनी आक्का पूजेला निघालेल्या, सोवळ्यांत. त्यांचा संताप अगदीं साहजिक होता. जन्मभर जो कुत्रा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडीत नसे, त्यानें हें करावें? हा निव्वळ माज, असें ठरवून मीं वेत उचलला. शाळा सुटून वर्षें लोटलीं, पण हात विसरला नव्हता. दोन छड्या दिल्या. मोती ओरडला नाहीं, खालीं बसला. ‘त्याला गांवाकडे नेऊन सोडा,’ अशी सूचना घरांत निघाली. स्वर्गाच्या दारांतही धर्मराजानें कुत्र्याला टाकलें नाहीं, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा मीं कित्येक वर्षें वर्गांत रंगवून सांगत आलों. परंतु त्या सूचनेला मीं तत्काळ नकार दिला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राणी सोडून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें तर मला पुढें कळलें.

धाकट्या सूनबाईंनीं मात्र एक गोष्ट पाहिली होती. दिवसांतून एकदां भरावयाचें मोतीचें पाण्याचें भांडें त्यांना तीनदां भरावें लागत होतें. पशुवैद्यांनीं रक्त व लघवी तपासून मूत्रपिंडें अधू झाल्याचें सांगितलें. अशा मूत्रपिंडांस लघवी दाट करतां येत नाहीं. ती पातळ व पुष्कळ होते, शरीरांतलें पाणी जातें, म्हणून तहान वाढते. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडावें, ही आमची पहिली युक्ति. ती अमलांत आली असती तर मोती दगावलाच असता. हें लक्षण दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बहुतेक शक्ति खर्च झालेली असते, म्हणून सात-आठ वर्षांच्या पुढें दरसाल तपासणी करावी, असें वैद्य म्हणाले.

आहाराविषयीं आपल्या घरांत विशेष जपावें. सत्यनारायणाच्या शिऱ्यांतले बेदाणे आपण मायेनें त्याच्यापुढें टाकतों; द्राक्षें, मनुका, बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें एकाएकीं निकामी होऊं शकतात. कांदा-लसूणही विषारीच. (चातुर्मास पाळणाऱ्या घरांतला कुत्रा तेवढे चार महिने सुखरूप!) आपल्या औषधांच्या डब्यांतली गोळी तर कधींच देऊं नये, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते.

गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. मोतीच्या वाटेवर आम्हीं गोणपाट अंथरलें आहे. घर थोडें गबाळें दिसतें, दिसो.

आतां त्याला रात्रीं दहाला व पहाटे साडेतीनला बाहेर न्यावें लागतें. पहाटेची पाळी मीं मागून घेतली. सकाळीं पूजा आटोपली कीं, ‘भांडें कितीदां भरलें?’ असा आक्कांचा प्रश्न ठरलेला. परवां त्यांनीं वेत कोठें गेला म्हणून विचारलें. सूनबाईंनीं तो केव्हांच बंबांत घातला होता.