रविवारचे चार तास कुणाच्या खात्यातले?



गोड छाटणी तीन आठवड्यांवर आली. बोदात शेणखत टाकून झालं, टोळीवाल्याला उचल देऊन झाली, आणि नेमक्या याच दिवसांत सायकलवाल्यांच्या ग्रुपवर नोव्हेंबरच्या स्पर्धेची चर्चा सुरू झालीये. पुणे ते गोवा, डेक्कन क्लिफहँगर. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, घाट वेगळे. आपल्या तालुक्यातले तीन-चार द्राक्षवाले नाव नोंदवायच्या बेतात आहेत. त्यातल्या दोघांचे फोन आले, "दादा, तयारी कशी करू? घरचं आणि बागेचं कसं बसवू?" फोनवर जे बोललो तेच जरा सविस्तर लिहितो. पटलं तर घ्या.

माझं मत सरळ आहे. ज्याची ऑक्टोबर छाटणीची बाग आहे आणि घरात तो एकटाच कर्ता आहे, त्याने नोव्हेंबरची मोठी स्पर्धा धरू नये. हौस खोटी आहे म्हणून नाही. दिवस मोजून बघा म्हणून.

समजा १० ऑक्टोबरला छाटणी केली. लगेच पेस्ट. आठ-दहा दिवसांत डोळे फुगायला लागतात, मग फेलफुटी काढणं, विरळणी, जीएचे हात. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाग पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसात असते. म्हणजे पोंगा संपून घड बाहेर आलेत, फुलोरा तोंडावर आहे, आणि आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. या दिवसांत पाऊस झाला तर ब्लोअर त्याच रात्री निघतो, सकाळची वाट बघायची सोय नसते. डाऊनी घडावर एकदा बसली की त्या घडाचं पुढे काही होत नाही. आता स्पर्धेच्या बाजूने मोजा. लांब पल्ल्याच्या तयारीत सर्वात जास्त किलोमीटर होतात ते स्पर्धेच्या आधीच्या तीन ते सहा आठवड्यांत, म्हणजे छाटणी, पेस्ट आणि विरळणी चालू असतानाच. शेवटचे दहा-बारा दिवस पायांना आराम द्यायचा, झोप पुरी करायची. फुलोऱ्यात आलेल्या बागेचा मालक आठ तास झोपतोय, असं चित्र तुम्ही कुणी पाहिलंय का?

यावर एक ठरलेलं वाक्य येतं, की शेतात एवढं राबतो, आमची तयारी आपसूकच होते. नाही होत भाऊ. पेट्या उचलून, पाठीवर पंप घेऊन, बांध खोदून अंग दमतं, आणि दमणं म्हणजे तयारी नव्हे. चार-पाच तास एका लयीत पायडल मारायला हृदय आणि पाय वेगळ्या पद्धतीने तयार व्हावे लागतात. ते होतात हळूहळू वाढवलेल्या सायकलिंगने आणि त्यानंतरच्या विश्रांतीने. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला ती विश्रांतीच मिळत नाही. म्हणून शेतकऱ्याने कामाचे तासही थकव्याच्या हिशेबात धरावेत.

शहरातल्या प्रशिक्षकाचं वेळापत्रक वाचलं की हे जास्त कळतं. आठवड्याला दहा-बारा तास: मंगळवारी आणि गुरुवारी जोरकस इंटरव्हल, शनिवारी हलकं, रविवारी चार-पाच तासांची लांब राइड. त्यात चूक काही नाही. पण ते पगारी माणसाच्या आठवड्याला मापून शिवलेलं आहे. आपला आठवडा लाइट ठरवते. एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या लाइटला जो दोनदा उठून व्हॉल्व्ह बदलून आलाय, त्याने सकाळी पाचला इंटरव्हल मारून काही पदरात पडत नाही, आजारपण मात्र पडतं. मी दोघांनाही सांगितलं, रात्रीच्या लाइटचा आठवडा हा हलका आठवडा धरा. दोन-तीन वेळा तासभर चालवा, बस. दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात जोर लावा. एक आड एक असं आपोआप बसतं.

आणि एक, फवारणीच्या दिवसांत सकाळी जोरात सायकल नको. आपला रस्ता दोन्ही बाजूंनी बागांचा. सकाळी आपण धापा टाकत निघतो त्याच वेळेला ब्लोअर चालू असतात. जे औषध मारताना तोंडाला फडकं बांधतो, तेच मोठमोठे श्वास घेऊन ओढायचं? (पहाटे अंधारात मार्केटच्या पिकअपवाल्यांसोबत रस्ता वाटून घ्यायचा तो निराळाच विषय. मागे लाल दिवा लावा एवढंच सांगतो.)

आता घराचं. खरी अडचण इथे आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

"वेळ मिळत नसतो, काढावा लागतो" असं लिहिलेले फोटो रोज सकाळी मोबाइलवर येतात. काढावा लागतो हे खरं, पण कुठून? रविवारी सकाळी चार तास मी घराबाहेर असलो तर गाईंची धार निघायची थांबत नाही. म्हातारीच्या गोळ्या, पोरांचा डबा, मजुरांना कामाला लावणं, ड्रीपचा फिल्टर धुणं, सगळं तसंच चालतं. ते चार तास माझ्या खात्यातून गेलेलेच नसतात. घरातल्या बाईच्या खात्यातून गेलेले असतात, आणि तिच्याकडे त्याची कुठे नोंद नसते, ना कुणी तिला मेडल घालतं. आमच्या घरात या विषयावर एकदा बोलणं निघालं तेव्हा मंडळी शांतपणे म्हणाल्या, "तुमची सायकल पंक्चर झाली तर तुम्ही मला फोन लावता. इथे मोटर बंद पडली तर मी कुणाला लावू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही.

म्हणून दोघांना विचारलं, तुझी बायको दर रविवारी चार तास तिच्या कामाला गेली, बचत गटात, माहेरी, नुसती मैत्रिणीकडे गप्पा मारायला, तर तू घर, गाई आणि बाग कुरकुर न करता सांभाळशील का? सांभाळणार असशील तर ट्रेनिंग सुरू कर. पहिला पोरगा हसला. दुसरा गप्प झाला. त्याच्याकडून मला जास्त आशा आहे.

काहींना हे जुन्या वळणाचं वाटेल. पण लांबच्या प्रवासासाठी शेतकऱ्याने घर सोडायचं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि माणसं कित्येक दिवस चालत पंढरपूरला जातात. माझे वडील जायचे. वारीला निघायच्या कितीतरी आधी घरात ठरलेलं असायचं की बियाणं कुणी आणायचं, पाऊस आला तर पेरणी कोण करणार, बैल कुणाकडे. ज्या वर्षी घरात आजारपण, त्या वर्षी वारी नाही. पुढच्या वर्षी चुलते घरी थांबायचे आणि त्याच्या पुढच्या वर्षी वडील थांबून चुलते जायचे. कुणी त्याला त्याग वगैरे म्हणत नसे. पाळी होती.

मोठी नावंही बघा. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. जवळपास ४८०० किलोमीटर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. २०१७ ला नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच रेस एकट्याने केली. बातमीत नाव सायकलवाल्याचं येतं. पण या रेसमध्ये मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात, खाणं-पाणी, रस्ता, झोप सगळं ती बघतात. क्रूशिवाय अशी रेस होत नाही हे आपण सगळे मान्य करतो. मग वर्षभर जी क्रू घरात राबते तिला विचारूनच नाव नोंदवावं, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

एकाने मला रागाने लिहिलं, "म्हणजे खेळ फक्त नोकरदारांचा का? आम्ही बघतच बसायचं?" राग रास्त आहे. स्पर्धा थंडीत ठेवतात, कारण चालवायला थंडीच बरी, आणि थंडीतच द्राक्षवाल्याची मान अडकलेली असते. पुढे जानेवारी ते मार्च काढणी, व्यापारी आज येतो म्हणतो आणि चार दिवसांनी येतो. एप्रिलला खरड छाटणी, वर ऊन. उरतात जून ते सप्टेंबर. तेव्हाही फवारण्या असतातच, पण एक दिवस मागेपुढे झाला तर हातातला घड जात नाही. या चार महिन्यांत ब्रेव्हे करा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास. ही शर्यत नाही, दिलेल्या वेळेत पूर्ण करायचं एवढंच, आणि वर्षात बऱ्याच तारखा असतात, त्यामुळे घराला सोयीची निवडता येते. २००, ३००, ४००, ६०० अशा चारही एकाच हंगामात केल्या की सुपर रँडोनिअर म्हणतात. त्यांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. पण त्या पदवीच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. ४०० ची वेळ २७ तास आहे, त्यात एक अख्खी रात्र जाते आणि नंतरचे दोन दिवस तुम्ही शेतात नुसते दिसता, कामाला नसता.

दूधवाल्यांना तर हंगामच नाही, बारा महिने दोन वेळा धार. त्यांनी रोलर घेऊन गोठ्याशेजारी तासभर चालवावी, लांब राइड महिन्याला एक. ज्यांच्या घरात दोघे भाऊ बागेत आहेत त्यांचं गणित वेगळं आहे, ते नोव्हेंबरही धरू शकतात. फक्त पुढच्या वर्षी भावाची पाळी, हे आत्ताच बोलून ठेवा.

फोन केलेल्यांपैकी एकाला धाकटा भाऊ आहे. तो बहुतेक जाईल. दुसऱ्याने पुढच्या जुलैची २०० ची तारीख बघायला घेतलीये, पण आधी घरी बोलतो म्हणाला. आणखी कुणाला वेळापत्रक बसवून हवं असेल तर खाली छाटणीची तारीख, लाइटचा आठवडा आणि तुम्ही नसताना बाग कोण बघणार त्याचं नाव लिहा. तिसरं नाव नसेल तर आधी ते शोधा.

उद्या पेस्टच्या मजुरीच्या दराबद्दल लिहितो. यंदा टोळीवाले फारच चढून बोलतायत.