ओढ मातीची की धक्का शहराचा?

‘शेवटी माणसाला आपली मातीच ओढते,’ असे परगावी परतणाऱ्या मजुरांविषयी आपल्या मंडळींत वारंवार बोलले जाते. पेरणीसाठी वा घरच्या आजाऱ्यासाठी कोणी जातो, हे मी नाकारत नाही. परंतु हे गोड वाक्य फार सोयीचे आहे. माती ओढते असे एकदा म्हटले, की धक्का कोणी दिला हे विचारावे लागत नाही.

२०२० सालचा १ मे आठवावा. कामकरी संत योसेफ ह्यांच्या त्या सणादिवशी देशातील पहिली श्रमिक रेल्वेगाडी तेलंगणातून झारखंडकडे निघाली. पुढे आपल्या पनवेलहूनही अशा गाड्या सुटल्या. कित्येक तर आधीच पायी निघाले होते. ८ मे रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काम बंद पडल्याने ते मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे चालले होते. काम गेले, मजुरी थांबली, रेशनकार्ड गावी, आणि खोलीचे भाडे मात्र चालूच! स्थलांतरित मजुराला प्रवासभत्ता व निवारा देण्याची सक्ती ठेकेदारावर करणारा १९७९ चा कायदा तेव्हा लागू होता. नाक्यावरच्या किती मजुरांना तो ठाऊक होता?

याउलट आपला माथाडी कामगार पाहावा. तोही साताऱ्याकडून रिकाम्या हातांनीच मुंबईत आला. १९६९ च्या कायद्याने त्याला मंडळ व भविष्यनिर्वाह निधी मिळाला, पुढे अनेकांना कोपरखैरण्यात घर मिळाले. तो यात्रेला गावी जातो आणि परत येतो. त्याला काय मातीची ओढ नाही?

आपल्यापैकी अनेकांचे वाडवडीलही परगावचेच. गोव्याच्या खलाशांना धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये, आपल्याच गावकऱ्यांनी चालविलेल्या त्या वसतिगृहात, जहाजावर काम मिळेपर्यंत स्वस्तात पथारी मिळे. तेथे वेदी असे, सायंकाळी रोझरी होई. त्यांचीच नातवंडे आज फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी मजूर लावतात, आणि त्याने लिफ्ट व संडास वापरू नये म्हणून सोसायटीच्या सभेत हात वर करतात. मजुरीचे विचारले, तर ‘आम्ही ठेकेदाराला दिली’ हे उत्तर तयार असते. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये मजुरी बुडविणे हा स्वर्गाकडे दाद मागणारा अपराध मानला आहे. ठेकेदार मध्ये उभा केल्याने तो आपल्यापुरता सौम्य होतो काय?

छठपूजेला हाच मजूर गावी निघेल. त्याचा हिशेब पुरा झाला की नाही, हे ठेकेदाराला नव्हे, त्यालाच विचारावे.