व्हेनिसची परिषद, मुंढव्याचे मूल आणि पेठ नाक्यावरचा टँकर

१/ इ. स. १८९७. १६ फेब्रुवारी ते १९ मार्च या काळात इटलीतील व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. विषय होता प्लेग. ही परिषद चालू असतानाच, १० मार्च रोजी, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगने निवर्तल्या. या दोन घटनांमध्ये जे अंतर होते, त्याचा हा धागा.

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. बातमी युरोपात पोहोचताच तेथील सरकारे हादरली. व्हेनिसमध्ये करार झाला, पण त्याचा भर जहाजे, प्रवासी, यात्रेकरू आणि विलगीकरणावर होता. रोग आपल्या बंदरात येऊ नये, ही त्यामागची मुख्य चिंता.

३/ शास्त्रीय सहकार्य मात्र भरघोस होते. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया येथील वैद्यकीय पथकेही त्याच वर्षी मुंबईत दाखल झाली.

४/ रुग्णाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांपर्यंत यातले किती पोहोचले? सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचे आजारी मूल पाठीवर घेऊन त्या तेथे गेल्या आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला.

५/ दुसरीकडे सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला आणि पुण्यात रँडच्या समितीने घरझडतीसाठी गोरे सैनिक उतरवले. युद्धाचे शिक्षण घेतलेल्यांच्या हाती साथीचे काम आले. अपमान, दहशत आणि रुग्ण लपवण्याची प्रवृत्ती वाढली. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. अप्रशिक्षित बचावाची ही राजकीय किंमत होती.

६/ या कथेचा एक धागा व्हिएन्नात जातो. मुंबईहून परतलेल्या ऑस्ट्रियन पथकाने प्लेगचे जिवाणू प्रयोगशाळेत नेले होते. ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रथम बळी पडला तो प्रयोगशाळेतील सेवक. पाठोपाठ त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हेर्मान म्युलर, जे स्वतः मुंबईत प्लेगचा अभ्यास करून आले होते, आणि मग शुश्रूषा करणारी परिचारिका.

७/ म्हणजे युरोपच्या राजधानीतही धोक्याने वाट तीच धरली. आधी तो गाठतो सर्वांत कमी शिकवलेल्या माणसाला, आणि मग त्याच्यामार्फत सर्वांत जास्त शिकलेल्याला. ज्ञान देशांच्या सीमा चटकन ओलांडते. पायऱ्या उतरताना मात्र ते रेंगाळते.

८/ विसाव्या शतकात धोके बदलले, क्रम तोच राहिला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला रुग्णांच्या रांगा लागल्या, तेव्हा वायू कोणता आणि उपचार काय, याची नीट माहिती डॉक्टरांना मिळत नव्हती. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्टही वस्त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती.

९/ २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलला अग्निशामक जवान आग विझवायला गेले ते नेहमीच्या गणवेशात. किरणोत्साराच्या तीव्र आजाराने पुढच्या काही महिन्यांत २८ जण दगावले. त्यांत वीजकेंद्राचे कर्मचारी होते, तसे हे जवानही होते.

१०/ या आघातांतून जगाने धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. सप्टेंबर १९८६ मध्ये अणुअपघाताची तातडीने सूचना देणे आणि परस्परांना साहाय्य करणे, यांसाठी दोन करार झाले. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘अपेल’ हा उपक्रम सुरू केला. कारखान्याशेजारच्या वस्तीला आधीच सजग आणि सज्ज करणे, हा त्याचा गाभा होता.

११/ रासायनिक शस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. भारत त्याचा आरंभापासूनचा सदस्य असून भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. कराराचे दहावे कलम साहाय्य आणि संरक्षणाचे आहे. त्याच्या आधारे हेग येथील संघटना सदस्य देशांच्या बचावकर्मींना प्रशिक्षण देते. व्हेनिसच्या मानाने ही मोठी मजल होय.

१२/ महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. १९६७ मध्ये परदेशी मदत थांबली, पण तोवर येथील माणसे तयार झाली होती. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखले जाते.

१३/ नागपुरात १९५७ मध्ये आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि रासायनिक, जैविक, किरणोत्सारी संकटांचे शिक्षणही देऊ लागली. २००६ मध्ये एनडीआरएफ स्थापन झाले. मार्च २०११ मध्ये त्याची ४६ जणांची तुकडी जपानमधील ओनागावा येथे त्सुनामीनंतरच्या शोधकार्यासाठी गेली.

१४/ आता इस्लामपूर, म्हणजे वाळवे तालुक्याचे मुख्य ठिकाण, ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या चौघांना येथे करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. महिनाअखेर रुग्णसंख्या पंचवीसवर गेली. एवढ्या लहान शहरात इतके रुग्ण, म्हणून साऱ्या राज्याचे लक्ष इकडे वळले.

१५/ शहर बंद झाले, संपर्कातील माणसे शोधून वेगळी ठेवली गेली, उपचार मिरजेच्या शासकीय रुग्णालयात झाले. सुरुवातीचे नमुने पुण्याला एनआयव्हीकडे गेले. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्ण बरे झाले. १९५२ मध्ये पेरलेले असे इस्लामपुरात उगवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

१६/ पण नमुना प्रयोगशाळेत जाण्याआधी कोणीतरी दारात उभे राहते. ते काम आशा सेविकांनी केले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्याच्या वर्षभर आधी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता. गौरव जिनिव्हाहून आला, पण मानधनासाठी दारातच बसावे लागले.

१७/ एक आक्षेप रास्त आहे. संरक्षक पोशाख, शोधयंत्रे, निर्विषीकरणाची साधने महाग असतात. ती प्रत्येक तालुक्याला कशी देणार? शिवाय अर्धवट शिकलेला उत्साही माणूस अशा ठिकाणी स्वतःच बळी ठरतो. मग हे काम तज्ज्ञ तुकड्यांवर सोपवणेच शहाणपणाचे नाही का?

१८/ उत्तर भूगोलात आहे. एनडीआरएफची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबरे येथे असते. तेथून इस्लामपूर दोनशे किलोमीटरहून दूर. वायुगळतीत जीवनमरणाचा निकाल पहिल्या काही मिनिटांत लागतो. त्या मिनिटांत हजर असतात ते गावची पोरे, टपरीवाला, महामार्ग पोलीस आणि नगरपरिषदेचा बंब. त्यांना पोशाख नको, काय करू नये याची समज हवी.

१९/ पुणे–बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यावर कोणत्याही दिवशी उभे राहावे. टँकरच्या पाठीवर एक पाटी दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ती सक्तीची आहे. तीवर चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक असतो: १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १२०३ म्हणजे पेट्रोल. संकटात कोठे फोन करावा, तो क्रमांकही तेथेच असतो.

२०/ आंतरराष्ट्रीय सहकार्य असे रोज पेठ नाक्यावरून जाते. जगभर एकाच अर्थाने वाचली जाणारी ही लिपी आहे. ती नाक्यावर किती जणांना वाचता येते, हा खरा प्रश्न. उलटलेल्या टँकरपाशी बादल्या घेऊन धावणारी गर्दी महामार्गाला नवी नाही. ती गर्दी लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तिला पाटी वाचायला शिकवणे हे काम आहे.

२१/ शिकवायचे ते फार नाही. वारा कोणीकडून येतो ते पाहून त्या दिशेला, आडव्या बाजूने सरकावे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून खोलगट जागा टाळून उंचावर जावे. अमोनिया मुळात हलका, पण टाकीतून एकदम सुटलेला थंड वायू जमिनीलगत ढगासारखा पसरू शकतो. पाटीवरचा क्रमांक दुरूनच टिपावा आणि ११२ ला कळवावे. पडलेल्याला उचलायला मोकळ्या तोंडाने धावू नये.

२२/ हे ज्ञान महामार्गापुरतेही नाही. पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीन असतो, मोठ्या शीतगृहांत अमोनिया. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून कोबाल्ट-६० बाहेर आले आणि एक कामगार दगावला. तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह ओळखणारा माणूस भंगाराच्या दुकानात असणे, हीसुद्धा अणुसुरक्षाच आहे.

२३/ व्यवस्था नव्याने उभारण्याची गरज नाही. पूरप्रवण जिल्ह्यांतील स्वयंसेवकांसाठी २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना सुरू झाली. त्याच शिक्षणात रसायने आणि साथी यांचे एक प्रकरण मराठीतून असावे. आशा सेविका, बंबावरचे कर्मचारी आणि नाक्यावरचे दुकानदार यांना त्यात जागा हवी, आणि शिक्षणाच्या दिवसाची मजुरीही.

२४/ करार, परिषदा आणि संयुक्त सराव यांचे मोल किती देशांनी सह्या केल्या यावर ठरवू नये. व्हेनिसमध्ये प्रतिनिधी बसले असताना मुंढव्याचे मूल उचलायला एक वृद्ध स्त्री निघाली होती. तिच्याकडे धैर्य होते. तिला हवे होते ते संरक्षण आणि माहिती. उद्या पेठ नाक्यावर कोणी धावलाच, तर या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे असतील का, हीच प्रत्येक कराराची कसोटी.